धुराची साक्ष

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. आमच्या चर्चच्या जुन्या व्हॅनच्या धूर-तपासणीच्या दाखल्याची मुदत संपली होती. ही व्हॅन पेट्रोलवर चालते. तिचे वय आता पुष्कळ झाले आहे. तथापि वाडीवस्तीवरील मुलांना रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गास आणणे, आजाऱ्यास तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचविणे, सणासुदीस बाजारातून सामान वाहणे ही सर्व कामे ती मुकाट्याने करीत असते. त्या दिवशी आम्हांस घाई होती. रस्त्याच्या कडेला तपासणीची टपरी दिसली, तेव्हा आम्ही व्हॅन थांबविली. आतला माणूस मोठा आदबशीर. तो म्हणाला, "फादर, तुम्ही कशाला उतरताय? बसा आतच." त्याने पाटीवरील क्रमांकाचा फोटो काढला, आत जाऊन काही कळा दाबल्या, आणि पाच मिनिटांत छापील दाखला आमच्या हाती ठेवला. त्यावर आकडे होते, शिक्का होता, आमच्या व्हॅनचा फोटोही होता. मात्र ज्या नळीने धूर तपासावयाचा, ती नळी आपल्या खुंटीवरून हललीही नव्हती. आम्ही ते पाहिले, पैसे दिले आणि निघालो.

हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते लिहिण्याचा अधिकार आम्हांस या कबुलीवाचून पोहोचत नाही.

संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण भेटावयास आला. त्याने आय.टी.आय.मध्ये मोटार-दुरुस्तीचे शिक्षण घेतले असून शहरातील एका कारखान्यात तो नोकरीस आहे. बोलता बोलता दाखल्याचा विषय निघाला. आम्ही ती हकिकत हसत हसत सांगितली. तो हसला नाही. थोडा वेळ गप्प राहून एवढेच म्हणाला, "फादर, मग त्या कागदावरचे आकडे कुणाच्या गाडीचे?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही व्हॅन त्याच्या कारखान्यात नेली.

तेथे धूर मोजण्याचे जे यंत्र होते, ते एखाद्या हार्मोनियमच्या पेटीएवढे. त्याला लांब रबरी नळी, आणि नळीच्या टोकाला हातभर पोलादी सळई. तरुणाने आधी इंजिन चांगले तापू दिले. थंड इंजिनचा धूर मोजणे म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाची धाव मोजण्यासारखे आहे, असे तो म्हणाला. मग ती सळई व्हॅनच्या सायलेन्सरमध्ये खोलवर सरकविली. यंत्राच्या पडद्यावर चार आकडे हलू लागले आणि थोड्या वेळाने स्थिरावले. कार्बन मोनॉक्साइड शेकडा १.६, न जळलेले हायड्रोकार्बन दहा लाख भागांत ९०० च्या आसपास, कार्बन डायऑक्साइड शेकडा १०, आणि ऑक्सिजन शेकडा ५. आमच्या व्हॅनच्या पिढीतील पेट्रोल-मोटारींसाठी सरकारी मर्यादा कार्बन मोनॉक्साइडची शेकडा ०.५ आणि हायड्रोकार्बनची ७५० आहे. खिशातील दाखल्यावर मात्र दोन्ही आकडे मर्यादेच्या पुष्कळ आत होते.

आम्हांस वाटले, झाले ते एवढेच. पण त्या तरुणाची नजर शेवटच्या दोन आकड्यांवर खिळली होती. "फादर, इंजिनात पेट्रोल नीट जळले तर धुरात कार्बन डायऑक्साइड चौदा-पंधरा टक्के यायला हवा, आणि ऑक्सिजन एक टक्क्याच्या आत. इथे एक कमी, दुसरा जास्त. म्हणजे धुरात बाहेरची हवा मिसळते आहे. नळी कुठेतरी फुटली आहे."

त्याने व्हॅन वर उचलली. आसनांच्या बरोबर खाली धुराची नळी गंजून तिला बोटभर लांबीची चीर पडलेली होती. आणि जेथून बाहेरची हवा आत शिरते, तेथूनच आतला धूर बाहेर येतो. त्या चिरेच्या वर व्हॅनच्या तळाच्या पत्र्यालाही एक भोक होते. दर रविवारी मुले बसतात ती जागा तीच.

आता आम्हांस आठवले की, मागच्या आसनावरची मुले कित्येक महिने डोके दुखते, मळमळते अशी तक्रार करीत होती. आम्ही घाटाच्या वळणांना दोष देत होतो, आणि सकाळी न्याहारी न करता येणाऱ्या पोरांना रागे भरत होतो. त्या डोकेदुखीचे कारण तेच होते असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. पण त्या चिरेकडे पाहताना आमचे पाय गळाले, हे मात्र खरे. कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते, आणि मग प्राणवायूस रक्तात जागा उरत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, झोप येते. मात्रा वाढली तर त्या झोपेतून माणूस उठत नाही.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा जमेल तितका अभ्यास केला. वाचकांस त्यातून जे सांगण्याजोगे वाटले, ते पुढे देत आहोत.

धुरात काय असते?

पेट्रोल आणि डिझेल ही कार्बन व हायड्रोजन यांची संयुगे होत. ती हवेतील ऑक्सिजनशी पूर्णपणे जळली तर पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड एवढेच उरावे. परंतु इंजिनातील जळण्याला क्षणाचाही अवधी मिळत नाही. हवा कमी पडली तर अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. काही इंधन न जळताच निसटते, ते हायड्रोकार्बन. डिझेलच्या इंजिनातून काजळीचे सूक्ष्म कणही येतात. याशिवाय आणखी एक उपद्रव इंजिनच्या प्रखर उष्णतेतून जन्मतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत नायट्रोजन सर्वांत अधिक असतो. एरवी तो कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण इंजिनच्या भट्टीत तो ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती श्वासनलिकेस दाह करतात आणि दम्याच्या रोग्यास छळतात.

या वायूंचे दुष्कर्म उघडकीस आणणारा शास्त्रज्ञ मूळचा फळांचा अभ्यासक होता, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर १९४३ च्या उन्हाळ्यात डोळे झोंबविणारे दाट धुके पसरले. आरी हागन-स्मिट हे डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ तेव्हा कॅलिफोर्नियातील एका विख्यात विज्ञानसंस्थेत अननसाचा वास कोणत्या द्रव्यांमुळे येतो याचा शोध घेत होते. वासाची द्रव्ये टिपण्याची तीच रीत त्यांनी शहराच्या हवेला लावली. मोटारींचे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की ओझोन व इतर दाहक द्रव्ये तयार होतात, हे त्यांनी १९५२ च्या सुमारास सिद्ध केले. मोटार-कंपन्यांना आणि तेल-कंपन्यांना हे प्रारंभी मुळीच रुचले नाही. पुढे १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा-संरक्षण मंडळाचे पहिले अध्यक्ष हेच गृहस्थ झाले, आणि एल मॉन्टे या गावी त्या मंडळाने उभारलेल्या मोटार-तपासणीच्या प्रयोगशाळेस त्यांचेच नाव देण्यात आले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

यंत्र मोजते कसे?

अदृश्य वायू मोजणारे यंत्र म्हणजे काही जादू नव्हे. १८५९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी दाखवून दिले की, ऑक्सिजन व नायट्रोजन यांतून उष्णतेचे अदृश्य किरण विनाअडथळा जातात. पण कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ अशा वायूंतून जाताना ते शोषले जातात. पुढे कळून आले की प्रत्येक वायूची भूक निराळी असते. कार्बन मोनॉक्साइड ४.६ मायक्रॉनच्या आसपासचे किरण गिळतो, कार्बन डायऑक्साइड ४.३ च्या आसपासचे, हायड्रोकार्बन ३.४ च्या आसपासचे. यंत्रात एका टोकाला हे किरण सोडणारा तापलेला दिवा, मध्ये धूर भरलेली लहान नळी, आणि दुसऱ्या टोकाला ठरावीक किरणच पलीकडे जाऊ देणारी गाळणी व किरण मोजणारा डोळा असतो. पलीकडे जितके किरण कमी पोहोचले, तितका तो वायू अधिक. ऑक्सिजन हे किरण गिळत नाही, म्हणून त्याच्यासाठी निराळी रासायनिक कुपी असते. ऑक्सिजन वाढला की तिच्यातून वीज अधिक वाहते.

नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी याहून सुंदर युक्ती आहे. नायट्रिक ऑक्साइडला ओझोन भेटला की त्या संयोगातून मंद प्रकाश फुटतो. काळोख्या कोठडीत हा प्रकाश मोजला म्हणजे त्या वायूचे प्रमाण कळते. काजव्याच्या चमकीवरून काजवे मोजावेत, तसे हे आहे.

परंतु यंत्रालाही भूलचूक असते. वाण्याच्या तराजूस आणि वजनांस जसा सरकारी छाप लागतो, तसे या यंत्रासही वेळोवेळी पारखावे लागते. आधी शुद्ध हवा देऊन शून्य जुळवावयाचे, मग ज्यातील वायूंचे प्रमाण पक्के ठाऊक आहे असे मिश्रण नळकांड्यातून देऊन आकडा बरोबर येतो की नाही ते पाहावयाचे. नळीत पाणी साचले, गाळणी तुंबली, सळई अर्धवट घातली, तर सर्वांत चांगले यंत्रही खोटी साक्ष देते.

आणखी एक बारकावा आहे. यंत्र सांगते ते धुरातील वायूचे शेकडा प्रमाण. आमटी किती खारट आहे हे जिभेस कळते. पण पंगतीत एकूण मीठ किती खपले हे सांगावयाचे असेल, तर आमटी किती वाढली हेही मोजावे लागते. तसेच गाडीने दर किलोमीटरला किती ग्रॅम विष हवेत सोडले हे काढावयाचे, तर नळीतून एकंदर किती धूर वाहिला तेही मोजावे लागते. म्हणूनच मोटारींची कसून परीक्षा मोठ्या प्रयोगशाळांतच होत असे. मोटार लोखंडी रुळांवर उभी करावयाची, चाके जागच्या जागी फिरवावयाची, आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवीत व उतरवीत सर्व धूर गोळा करावयाचा. ही रीत शिस्तीची खरी, पण तिच्यात एक वैगुण्य होते. प्रश्नपत्रिका सर्वांस आधीपासून पाठ होती.

पेटी रस्त्यावर आली

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया हा डोंगराळ, कोळशाच्या खाणींचा प्रांत. त्यातील मॉर्गनटाउन येथील विद्यापीठात इंजिनांच्या धुराचा अभ्यास करणारे एक केंद्र आहे. १९९८ मध्ये सात मोठ्या डिझेल-इंजिन कारखानदारांवर, त्यांची मालमोटारीची इंजिने परीक्षेत स्वच्छ राहतात आणि हमरस्त्यावर मात्र मर्यादा ओलांडतात, असा आरोप ठेवून अमेरिकी सरकारने तडजोडीचे हुकूमनामे मिळविले. त्यानंतर चालत्या गाडीवर बसवून धूर मोजता येईल अशी फिरती यंत्रणा या केंद्राने विकसित केली. प्रयोगशाळेत खोलीभर पसरणारे साहित्य गाडीत मावेल एवढे झाले. त्यात धूर तापलेल्या नळीतून येतो, म्हणजे वाटेत वाफ थिजून वायू गिळत नाही. धुराचा प्रवाह मोजणारी नळी सायलेन्सरच्या तोंडाशी बसते. आणि उपग्रहाच्या साह्याने गाडी कोठे, किती वेगाने, चढावर की उतारावर आहे याची क्षणोक्षणी नोंद होते.

स्वच्छ वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने या केंद्रास डिझेल-मोटारी रस्त्यावर तपासण्याचे काम दिले. हेतू कोणास पकडण्याचा नव्हता. युरोपात डिझेल-मोटारी रस्त्यावर अधिक धूर सोडतात असे दिसून आले होते. अमेरिकेचे नियम अधिक कडक, तेव्हा तेथील मोटारी खात्रीने स्वच्छ असतील, आणि ते दाखवून युरोपास धडा देता येईल, अशी कल्पना होती. डॅन कार्डर यांच्या मार्गदर्शनाखाली मार्क बेश हा स्वित्झर्लंडचा, आणि अरविंद तिरुवेंगडम व हेमंत कप्पण्णा हे आपल्या भारतातून गेलेले, असे तीन तरुण संशोधक २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात कामास लागले. गाड्या तीन होत्या. त्यांपैकी दोन फोक्सवॅगनच्या, जेटा आणि पसाट, तिसरी बी.एम.डब्ल्यू. कंपनीची. यंत्रांना वीज पुरविण्यासाठी छोटी जनित्रे बरोबर घेतली होती, ती वारंवार बंद पडत. अशा अवस्थेत पसाट गाडी लॉस एंजेलिसहून सिॲटलपर्यंत आणि परत अशी सुमारे ४,००० किलोमीटर चालविली गेली.

आकडे पाहून हे तरुण चक्रावून गेले. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा दर किलोमीटरला ०.०४३ ग्रॅम. जेटा गाडी रस्त्यावर त्याच्या १५ ते ३५ पट, आणि पसाट ५ ते २० पट वायू सोडीत होती. बी.एम.डब्ल्यू. मात्र बहुतेक ठिकाणी मर्यादेत राहिली. प्रथम त्यांनी स्वतःवरच संशय घेतला. यंत्रे पुन्हा पारखली, मापे पुन्हा घेतली. आणि याच फोक्सवॅगन गाड्या एल मॉन्टेच्या त्या हागन-स्मिट प्रयोगशाळेत रुळांवर उभ्या केल्या, तर दोन्ही निष्कलंक! रस्त्यावर एक वर्तन, परीक्षकासमोर दुसरे.

मे २०१४ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात कंपनीचे नाव नव्हते, आरोप नव्हता. निव्वळ आकडे होते. कॅलिफोर्नियाच्या मंडळाने व अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेने खुलासा मागितला. कंपनीने तांत्रिक कारणे सांगितली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये गाड्या परत बोलावून दुरुस्ती करण्याचे जाहीर केले. २०१५ च्या मे महिन्यात मंडळाने पुन्हा तपासणी केली, दोष होताच. नव्या वर्षाच्या गाड्यांना परवाना मिळणार नाही असे दिसू लागले, तेव्हा सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने अखेर कबुली दिली.

गाडीच्या संगणकात एक कपटी आज्ञावली लिहिलेली होती. सुकाणूचे चक्र फिरते आहे काय, वेग कसा बदलतो, इंजिन किती वेळ चालले आहे, हवेचा दाब किती आहे, यांवरून गाडी परीक्षेच्या रुळांवर आहे की खऱ्या रस्त्यावर, हे ती ओळखत असे. परीक्षा आहे असे दिसले की धूर शुद्ध करणारी सर्व साधने जोमाने चालू. परीक्षा संपली की ती सुस्त. या साधनांना इंधन किंवा युरियाचे द्रावण अधिक लागते, तो खर्च व ती कटकट वाचविण्यासाठी हा खटाटोप. १८ सप्टेंबर २०१५ रोजी सरकारी नोटीस निघाली. अमेरिकेत सुमारे ४,८२,००० आणि जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली होती. पाच दिवसांत कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकोर्न यांनी राजीनामा दिला. २०१७ च्या जानेवारीत कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करण्याचे आणि ४.३ अब्ज डॉलरांचा फौजदारी व दिवाणी दंड भरण्याचे मान्य केले. त्याच वर्षी दोघा जबाबदार व्यक्तींना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या.

हजारो कुशल हातांनी उभारलेल्या एवढ्या बलाढ्य कंपनीचे असत्य तीन तरुण संशोधकांच्या एका पेटीने उघडे केले. त्यांच्यापाशी सत्ता नव्हती, वकील नव्हते. त्यांनी केले एवढेच की, नळी खरोखरीच धुरात घातली आणि दिसले ते लिहून ठेवले.

आपल्या देशात

या प्रकरणाचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत आला. तेथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने २०१५ मध्ये या कंपनीच्या डिझेल-मोटारी रस्त्यावर तपासल्या. प्रयोगशाळेतील आणि रस्त्यावरील आकड्यांत मोठी तफावत आढळली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात भारतातील सुमारे ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे कंपनीने जाहीर केले.

यातून जग शहाणे झाले असे म्हणावयास हरकत नाही. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून नव्या मोटारींची परीक्षा खऱ्या रस्त्यावर, फिरत्या यंत्राने घेणे सक्तीचे झाले. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले, आणि १ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींना रस्त्यावरील ही कसोटीही लागू झाली. परंतु ही कसोटी नव्या मोटारींच्या नमुन्याची. तुमच्या-आमच्या जुन्या गाडीची परीक्षा मात्र अजून कोपऱ्यावरच्या टपरीतच होते. पेट्रोल-गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, आणि डिझेल-गाडीच्या धुराचा काळेपणा, एवढेच तेथे मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत. तेव्हा ही परीक्षा अपुरी आहे हे खरे. पण अपुरी परीक्षा ही खोट्या परीक्षेपेक्षा लाख पटींनी बरी. ती आमच्या मुलांच्या आसनाखालची चीर दाखवू शकली. छापील दाखला ती कधीच दाखवू शकला नसता.

घरच्यांसाठी चार शब्द

धूर तपासावयास जाल तेव्हा घाईने जाऊ नका. पाचसहा किलोमीटर चालवून इंजिन तापवा. सळई सायलेन्सरमध्ये आतवर गेली आहे, आणि आकडे स्थिर होईपर्यंत तेथेच आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. "असू द्या, नुसता नंबर सांगा" असे कोणी म्हणाला, तर त्याला नम्रपणे म्हणावे, "भाऊ, पैसे घ्या, पण गाडी तपासा." दाखल्यावरील आकडे वाचा व जपून ठेवा. मागच्या खेपेपेक्षा कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल, तर पेट्रोल वाया जात आहे असे समजावे. हायड्रोकार्बन वाढला असेल, तर प्लग अथवा ठिणगीचा दोष असण्याचा संभव आहे. जेथे यंत्र चारही वायू दाखविते, तेथे कार्बन डायऑक्साइड कमी आणि ऑक्सिजन अधिक दिसला, तर धुराची नळी तपासून घ्यावी.

आणि ही एक गोष्ट सर्वांनी, विशेषतः माताभगिनींनी, ध्यानी धरावी. बंद खोपटात अथवा गोठ्यालगतच्या पडवीत मोटारसायकल, गाडी वा विजेचे जनित्र चालू ठेवू नये. पावसाळ्यात दारे-खिडक्या लावून हे करण्याचा मोह होतो. गाडीत बसल्यावर डोके दुखू लागले, मळमळले, तर प्रथम काचा उघडा, मोकळ्या हवेत या. आणि मूल तक्रार करीत असेल तर त्यास रागे भरू नका. आम्ही भरलो होतो.

आमच्या व्हॅनचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. नळी बदलली, तळाचे भोक पत्रा जोडून बुजविले. धुरातील ऑक्सिजन पाहून इंधनाचे प्रमाण ठरविणारे जे लहानसे साधन असते, त्याची तार उंदराने कुरतडलेली निघाली, म्हणून पेट्रोल अधिक जात होते. तीही जोडली, प्लग बदलले. पुन्हा सळई घातली, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड ०.२, हायड्रोकार्बन १५०, कार्बन डायऑक्साइड १४.५ आणि ऑक्सिजन ०.७ असे आकडे आले. एकूण खर्च साडेसहा हजार रुपये झाला. चर्चच्या हिशेबात तेवढी रक्कम नव्हती, तेव्हा ती आम्ही स्वतः दोन महिन्यांत फेडली, आणि ते योग्यच झाले.

पहिला दाखला आम्ही फाडला नाही. नवा दाखला व्हॅनमध्ये आहे. जुना आमच्या मेजाच्या खणात. त्यावर आमच्या व्हॅनचा फोटो आहे, क्रमांक आहे, आणि कुणा दुसऱ्याच गाडीचे आकडे आहेत. त्या तरुणाने विचारलेला प्रश्न विसरू नये म्हणून तो तेथेच ठेवला आहे. मागच्या रविवारी मुले व्हॅनमधून उतरली, तेव्हा मागच्या आसनावरच्या एका लहानग्या मुलीला आम्ही विचारले, "काय ग, डोके दुखते का?" ती म्हणाली, "नाही फादर. पण भूक लागली." आम्ही तिला आत नेऊन चहा-बिस्किटे दिली, आणि मग वर्ग सुरू केला.